मारुतीच्या कमरेपर्यंत

नाशिकला पूर फुटांत मोजायची पद्धत नाही. गोदावरीच्या पात्रात उभ्या दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याला पाणी लागलं, कमरेला लागलं, छातीला लागलं. एवढं कानावर आलं की नदीकाठचा दुकानदार काय ते समजतो आणि माल वर चढवायला घेतो.

दोन हजार सालानंतर मी ज्या ऑफिसात होतो, तिथे पुराचा अंदाज सांगणारा एक कॉम्प्युटर प्रोग्राम आला. तो बनवलेला दुसऱ्याच कुठल्या नदीसाठी. गोदावरीला बसवायचं काम माझ्या गळ्यात पडलं. वळणं, पूल, घाट, सगळं मी त्यात भरलं. पण तो खरं सांगतोय कशावरून? हजारो आकडे तपासत कोण बसणार? मग मी शक्कल लढवली. बाकी सगळं बाजूला सारलं आणि एकच विचारलं : धरणातून इतकं पाणी सोडलं तर मारुतीच्या कुठवर येईल? गुडघा, कमर, छाती, गळा. चारच उत्तरं. जुन्या पुरांशी ताडून पाहिलं, एकूण एक जुळलं. काय सांगू, अशी कॉलर ताठ झाली माझी! सगळ्या ऑफिसाला चहा पाजला.

चहा करणाऱ्या मावशींचं घर नदीला मिळणाऱ्या एका नाल्याच्या काठी होतं. नवऱ्याला लकवा झालेला. हलवायचं तर चार माणसं लागत. त्या पावसाळ्यात एका सकाळी धरणाचं पाणी सोडणार म्हणून कळलं, तशा त्या घरी जायला निघाल्या. मी त्यांना थांबवलं. पडद्यावर त्यांची वस्ती कोरडी दाखवली आणि म्हणालो, "कमरेच्या वर जात नाही, मावशी. तुमच्याकडे येत नाही." त्या परत कप विसळायला गेल्या.

पाणी कमरेलाच थांबलं. पण फुगलेल्या नदीने नाल्याचं तोंड अडवलं आणि नाला उलटा फिरून वस्तीत शिरला. मूळ प्रोग्रामात नाले नव्हते, मीही घातले नाहीत. मारुती तर नदीत उभा, त्याच्यावरून नाल्याची चूक कळणार कशी? आणि मी, शहाणा, रोज नाक दाबून तोच नाला ओलांडत होतो. मावशींचा नवरा खाटेवरच गेला. दुपारचे तीन वाजले होते.

तेराव्यानंतर त्या कामावर आल्या. माझ्या टेबलावर चहा ठेवला आणि उभ्या राहिल्या.

"साहेब, त्या कॉम्प्युटरात आमचा नाला होता का?"

नव्हता, मी म्हणालो.

"मग माहीत नाय म्हणायचं ना. मी गेले असते घरी."