खडू खिशात

मोठ्या बाई गणिताच्या तासाला शेवटच्या बाकावर बसल्या, तर गुडघे बाकाखाली मावेनात. नऊ वर्षं मुख्याध्यापिका, पण ती खुर्ची पर्स ठेवण्यापुरती. बाईंचं खरं ऑफिस हा शेवटचा बाक.

संस्थेच्या अध्यक्षांनी बजावलं होतं, "तुमच्या त्या नव्या गणितवाल्याच्या वर्गात पोरं ढिम्म बसतात. महिनाभर बघतो, नाहीतर दुसरा माणूस शोधा." आणि या सरांना निवडलं होतं बाईंनीच, अख्ख्या समितीशी भांडून.

तास संपला. सरांनी घाम पुसला. "काय चुकलं ते एकदाच सांगून टाका, बाई."

बाईंनी वही पुढे सरकवली. पानावर वर्गाचा नकाशा; जो बोलेल त्याच्या जागी टिंब. बाकांवर मिळून दोन टिंबं, फळ्यापाशी नुसता सडा.

"हे सगळं मी?"

"मग काय मी? एकोणीस प्रश्न विचारलेत, सतरांची उत्तरं स्वतःच देऊन मोकळे!"

"कुणी बोललं नाही की जीव कासावीस होतो हो."

"होऊ दे की. उद्यापासून प्रश्न विचारला की खडू खिशात, आणि मनात सातपर्यंत मोजायचं." सरांचं तोंड उतरलेलं पाहून त्या म्हणाल्या, "परवा माझ्या तासाला बसा. तुम्ही माझी टिंबं काढा."

तिसऱ्या दिवशी बाईंचा तास संपल्यावर सर वही घेऊन चाचरत आले. "रागावू नका, पण तुम्ही सगळे प्रश्न खिडकीकडच्यांनाच विचारलेत. दाराकडची ओळ कोरडी."

बाईंनी चष्मा लावून पान पाहिलं. "अगं बाई! तीस वर्षांत कुणी बोललं नाही मेलं!" आणि अशा हसल्या की शेजारच्या खोलीतून क्लार्क डोकावला. त्या दिवसापासून सरांचे खांदे सैल झाले.

दर आठवड्याला वही, दर आठवड्याला टिंबं. खिसे पांढरेफटक. "आई विचारते, गणित शिकवतोस की भिंती रंगवतोस?" सर सांगत.

महिना भरला. अध्यक्ष बाईंच्या शेजारी अंग चोरून बसले. सरांनी विचारलं, "तीन चतुर्थांश मोठा की पाच सप्तमांश?" खडू खिशात. वर्ग चिडीचूप.

"बघा, ढिम्म!" अध्यक्ष कुजबुजले. बाईंनी ओठांवर बोट ठेवलं. चार. पाच. सरांचा हात खिशाकडे गेला. नको रे बाबा, बाई मनात म्हणाल्या. हात खिशावरच थांबला.

दाराजवळची एक मुलगी उठली. "तीन चतुर्थांश. एक व्हायला त्याला पाव कमी आहे, दुसऱ्याला दोन सप्तमांश."

"पण पावच लहान कशावरून?" मागून दुसरी.

"पाव म्हणजे दोन अष्टमांश. सप्तमांश अष्टमांशापेक्षा मोठा नाही का!"

मग वर्ग असा पेटला की सरांना बोलायला जागाच उरली नाही.

बाहेर आल्यावर अध्यक्ष हळूच म्हणाले, "खरं सांगू? मला उत्तर येत नव्हतं."

"सातपर्यंत मोजायचं होतं की!" बाई म्हणाल्या आणि त्यांनी खिशातल्या खडूची गोष्ट सांगितली. ते मोकळेपणी हसले. "राहू द्या तुमच्या सरांना. कायम नेमणुकीचं पत्र उद्याच देतो."

पुढच्या आठवड्यात बाई व्हरांड्यातून जाताना विज्ञानाच्या वर्गापाशी थबकल्या. शेवटच्या बाकावर गणिताचे सर, मांडीवर वही. विज्ञानाच्या ज्येष्ठ बाईंनी स्वतः बोलावलं होतं त्यांना. सरांचेही गुडघे मावत नव्हते.

आपण दिसू नये म्हणून मोठ्या बाई पाऊल न वाजवता पुढे गेल्या. मान मात्र ताठ होती.