मास्टरवरचं कुंकू

मला नसत्या चौकशा करायची खोड आहे. बायको म्हणते, सॅव्हियो, तुला पोलिसात घ्यायला पाहिजे होतं. घेतलं नाही, म्हणून मी कळव्याला पुठ्ठ्याची खोकी बनवतो. माझ्या गाळ्याला लागूनच महिपत खाड्यांचा गाळा. ही गोष्ट त्यांची. मी मध्येमध्ये नाक खुपसतो, तेवढं चालवून घ्या.

खाडे मूळचे माणदेशातले. एकोणीस वर्षं कोलशेतच्या एका कारखान्यात लेथ चालवायचे. कारखाना बंद पडला, तिथं टॉवर उभे राहिले, आणि यांनी एक जुनी लेथ घेऊन कळव्यात गाळा उघडला. कोणाच्या मोटरचा शाफ्ट, कोणाच्या गिरणीचा दांडा, जे येईल ते करायचे. हातात कसब होतं, पण काम आज आहे तर उद्या नाही. दहा वर्षं असंच चाललेलं. मग पंप बनवणाऱ्या एका मोठ्या कंपनीनं त्यांना पितळी बुश, म्हणजे पंपाच्या दांड्याभोवती बसणाऱ्या छोट्या नळ्या, बनवायचं काम दिलं.

मी तेव्हा तोंडावर सांगितलेलं, की खाडे, मी खाडीकाठचा माणूस आहे, मोठा मासा लहान माशाशी दोस्ती कशाला करतो ते मला विचारा. ते नुसते हसले. माझं चुकलं, कबूल करतो. कंपनीनं त्यांना गिळलं नाही, शिकवलं. ड्रॉइंग वाचायला शिकवलं, प्रत्येक लॉटची नोंद ठेवायला शिकवलं. त्यांची मुलगी भावना त्या नोंदी सांभाळायला लागली. तीन वर्षांत एका मशीनची चार झाली, सहा माणसं कामाला लागली, आणि त्या बुशसाठी खोकी माझ्याकडून जायला लागली. त्यात माझाही स्वार्थ होता, खोटं कशाला बोलू?

कंपनीनं त्यांना एक नमुनाही दिलेला. त्याला मास्टर म्हणतात. पोलादी, अगदी अचूक उंचीचा, मखमल लावलेल्या डबीतला. रोज सकाळी तो उंची मोजायच्या डायलखाली ठेवायचा, काटा शून्यावर आणायचा, आणि मग दिवसभर प्रत्येक बुश त्या शून्याशी ताडून बघायचा. डायलवरची एक रेघ म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग. दोन रेघांपर्यंत माफ, त्यापुढं माल परत.

यंदा दसऱ्यानंतरचा पहिलाच लॉट परत आला. दोन हजार बुश, सगळे चार रेघा उंच. सोबत कंपनीचं पत्र, की शुक्रवारी आमची इंजिनीअर येईल, तोवर कारण सापडलं नाही तर काम थांबवावं लागेल. चार मशीन, सहा माणसं, सगळं त्या एका कामावर उभं होतं.

तीन दिवस खाड्यांनी गाळा उलथापालथा केला. टूल बदललं, पितळ तपासलं, मशीनची लेव्हल बघितली. काही सापडेना. जेवणाचा डबा तसाच घरी परत जायचा. मी आपला खोकी मोजायच्या निमित्तानं दारात उभा. मला एकच किडा चावत होता. माणसाच्या हातून चूक होते तेव्हा एकजण दोन रेघा चुकतो, दुसरा पाच. इथं सहाही माणसं चारच रेघा कशी चुकतात? म्हणजे चूक सहा ठिकाणी नाही, एकाच ठिकाणी आहे. मी खाड्यांना म्हटलं, सकाळी आल्यापासून काय काय करता ते सगळं मला करून दाखवा.

त्यांनी दिवा लावला, मशीनला नमस्कार केला, डबी उघडली आणि मास्टर डायलखाली ठेवला. त्याच्या डोक्यावर हळदकुंकवाचं सुकलेलं बोट होतं. तसंच बोट लेथवर होतं, ड्रिलवर होतं, स्विचबोर्डवर होतं. खंडेनवमीला अख्ख्या लाइनीतल्या मशिनी धुऊन पुजतात, माझ्या कटिंग मशीनलाही खाडे दरवर्षी झेंडूचा हार घालतात. जे सगळीकडे आहे ते कोणाला दिसणार? मी विचारलं, हे डायलचं टोक कुंकवावर टेकतंय का?

खाडे स्टुलावर बसले. आजवर मास्टर नवमीला कपाटातच असायचा. यंदा त्यांच्या मनात आलं, ज्याच्यामुळे घर चालतं तोच पूजेत नको का? म्हणून त्याला पहिला मान दिलेला. मी म्हटलं, अहो, पण नंतर पुसायचं ना! त्यांनी माझ्याकडे रोखून बघितलं.

"लावलेलं कुंकू आपण पुसत नाही, सॅव्हियो," ते म्हणाले. "ते आपलं आपण जातं."

मशीनवरचं जातंच, तेलानं, हातानं. पण मास्टरला सकाळी एकदाच हात लागतो, आणि तोही कडेनं धरून, कंपनीनं शिकवलं तसाच. म्हणून त्याचं कुंकू राहिलं.

भावना म्हणाली, बाबा, गुपचूप साफ करू आणि टूल झिजलेलं म्हणून सांगू. मलाही पटलं. खाडे मात्र अडून बसले, म्हणे जे झालं तेच सांगणार. मी चिडलो. म्हटलं, हरिश्चंद्राचा ठेका तुम्हीच घेतलाय का? कंपनीतले हसतील, म्हणतील मापाच्या वस्तूला हळदकुंकू लावणारे हे गावठी लोक. त्याचीच तर त्यांना भीती होती. रात्रभर झोप नाही, हे त्यांनी नंतर सांगितलं.

शुक्रवारी इंजिनीअर आली, बियांका नावाची, तिशीतली मुलगी. खाड्यांनी सगळं सांगितलं, मान खाली घालून. ती हसली नाही. तिनं बॅगेतून दुसरा मास्टर काढला, त्यावर काटा शून्यावर आणला आणि मग खाड्यांचा मास्टर ठेवला. काटा बरोबर चार रेघा पुढं गेला. आता हा साफ करा, ती म्हणाली. खाड्यांचा हात उठेना. भावना पुढं झाली, तिला त्यांनी थांबवलं. मास्टरला हात जोडले आणि स्वतःच पुसला. काटा शून्यावर आला. बियांकानं खंडेनवमीची तारीख विचारली आणि मोबाइलवर बराच वेळ मागच्या वर्षांच्या नोंदी शोधत बसली. मग एवढंच बोलली, की निर्णय माझ्या हातात नाही, पुढच्या आठवड्यात ठाण्याला सगळ्या सप्लायरांची मीटिंग आहे, तिथं या.

खाडे मलाही घेऊन गेले. हॉलमध्ये चाळीसेक गाळेवाले होते, आमच्यासारखेच. कंपनीचे मोठे साहेब बोलायला उठले. म्हणाले, दरवर्षी दसऱ्यानंतर बऱ्याच जणांचा माल परत येतो. आम्ही समजायचो सुट्टीनंतर माणसं आळसावतात, म्हणून ताकीद देत राहिलो. मग बियांकानं खाड्यांचं नाव घेतलं.

खाडे उभे राहिले. "चूक माझी आहे," ते म्हणाले. "मास्टरवर नवमीचं कुंकू होतं. मी पुसलं नाही."

मागं कोणीतरी फिस्सकन हसलं. माझं डोकंच फिरलं, पण करतो काय? साहेबांनी विचारलं, आणखी कोणाकडे असं झालंय? कोणी हलेना. खाडे एकटेच उभे. मग पुढच्या रांगेत कल्याणच्या एका म्हाताऱ्यानं हात वर केला. त्याच्या शेजाऱ्यानं केला. मग डोंबिवलीच्या दोघा भावांनी. मघाशी जो हसला होता, त्यानंही. बियांका मोजत होती, सतरावर थांबली.

साहेब म्हणाले, खाड्यांचं काम चालू राहील, आणि दसऱ्यानंतर प्रत्येक गाळ्यावर आमचा माणूस येऊन मास्टर तपासून देईल. खाड्यांनी ते ऐकलंसुद्धा नाही. ते मागं वळून त्या वर आलेल्या हातांकडे बघत होते आणि रडत होते.