साहेबांचा सत्कार

इथे जपानमध्ये ऑफिसातल्या बायका विचारतात, बदलापूरची आठवण येते का. येते ना. पण आठवण आली की मला रडू नाही येत, चीड येते.

जायचं ठरलं तेव्हा बाबांनी बदलापुरात बेलवलीच्या आमच्या अख्ख्या बिल्डिंगमध्ये पेढे वाटले, तेही अर्धीच बातमी सांगून. मुलीला जपानमध्ये नोकरी लागली, एवढंच. ज्या जपानी माणसाशी मी लग्न करणार होते, त्याचा पत्ताच नाही.

तो अंबरनाथला आमच्या कंपनीत मशीन बसवायला आला होता. मशीन बसलं, आमचंही जमलं. बाबांना सांगितलं तर म्हणाले, लोकांना काय सांगू? मी म्हटलं, खरं सांगा. त्यावर त्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला. स्वतः जन्मभर कारखान्यात सुपरवायझर, त्यामुळे साहेब दिसला की उठून उभं राहायचं हे हाडीमाशी खिळलेलं. यालाही त्यांनी साहेबच करून टाकलं. जेवायला आला तर साहेब, अजून एक पोळी घ्या. शेजारच्या काकू डोकावल्या तर हे हिच्या कंपनीचे साहेब. वाटायचं, ताट उचलून भिंतीवर आपटावं. आईकडून तर अपेक्षाच नव्हती, ती बाबांच्या होला हो करणारी.

निघायच्या आठवड्यात बाबा उल्हासनगरहून घासाघीस करून जरीकाठाची शाल घेऊन आले. म्हणाले, रविवारी सोसायटीच्या ऑफिसात चार माणसं बोलावलीत, साहेबांनाही घेऊन ये. मी मूर्ख. मला वाटलं, विरघळले. रिक्षातून येताना मी त्याला सांगितलंसुद्धा, की आमच्याकडे मुलीच्या वडिलांनी शाल-नारळ दिला की लग्न पक्कं. त्याने पुन्हा एकदा विचारून खात्री करून घेतली आणि शर्टाचं वरचं बटण लावलं.

ऑफिसात फळ्यावर खडूने लिहिलं होतं, जपानच्या पाहुण्यांचा सत्कार. चेअरमन भाषणाला उभे राहिले. भारत-जपान मैत्री काय, बुलेट ट्रेन काय, जपानी लोकांची शिस्त काय. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. माझ्या लग्नाचा यांनी झेंडावंदनाचा कार्यक्रम करून टाकला होता.

बाबांनी त्याला शाल पांघरली, हातात नारळ दिला आणि फोटोसाठी कॅमेऱ्याकडे बघत उभे राहिले. त्याने दोन्ही हातांनी नारळ घेतला, कपाळाला लावला, मग खाली वाकून बाबांच्या पायाला हात लावला आणि मी शिकवल्याप्रमाणे म्हणाला, "आशीर्वाद द्या, बाबा."

टाळ्या थांबल्या. बाबा मागे सरकले. अहो साहेब, हे काय, असं म्हणत हसले आणि साहेबांना आपल्या चालीरीती फार आवडतात म्हणून सगळ्यांना सांगून मोकळे झाले. मग मात्र मला राहवलं नाही.

"साहेब नाहीत ते, तुमचे जावई आहेत," मी सगळ्यांदेखत म्हटलं. "नारळ दिलात ना? मग झालं."

बाबा चिडले नाहीत. त्यांनी सगळ्यांना चहा घ्यायला सांगितलं, आईला कप पुढे करायला लावले. मग माझ्याजवळ आले आणि फक्त मला ऐकू येईल इतक्या हळू म्हणाले, "त्यांचा सत्कार केला. नारळ तुला दिलाय."

कारखान्यातून कुणाला काढलं की बाबा घरी येऊन याच शब्दांत सांगायचे, आज अमक्याला नारळ दिला. कुणी वर तोंड करून बोललं असेल, कुणी युनियनच्या नादी लागलं असेल. मग त्या माणसाचं नाव आमच्या घरात पुन्हा निघायचं नाही.

मी चहा न घेता त्याला हाताला धरून बाहेर आणलं. रिक्षात तो मांडीवर नारळ घेऊन बसला होता, शाल अजून खांद्यावरच. चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता. बाबा तुझ्या कानात काय म्हणाले, त्याने विचारलं.

मी म्हटलं, हो म्हणाले.