दुधी काचेवरचं धुकं

टोपण उघडून मान खाली घातली, की त्या चौकोनी दुधी काचेवर अवघं जग अलगद उतरून येई. सावल्यांसकट, रंगांसकट, फक्त डावं उजवीकडे आणि उजवं डावीकडे! तुम्ही कधी पाहिलंय असं? खालीवर दोन भिंगांचा जुना कॅमेरा तो. वरचं भिंग पाहण्यासाठी, खालचं टिपण्यासाठी. आणि आत तिरका बसवलेला आरसा वरच्या भिंगातलं दृश्य काचेवर पोचवी. धुळ्यातल्या आमच्या छोट्या स्टुडिओत आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, हयातभर तो वापरला. त्यांच्यानंतर तो माझ्याकडे आला. त्या उलट्या जगाची मला इतकी सवय झाली होती, की कधीकधी रस्त्यावरचं सरळ जगच चुकलेलं वाटे.

ऐंशीचं दशक सरत आलं होतं. तुळशीचं लग्न लागलं, लगीनसराई उंबऱ्याशी आली, आणि त्या काचेवर मला धुकं दिसू लागलं. खानदेशातल्या लख्ख, कोरड्या उन्हात धुकं! डोळे चोळले, काच पुसली, भिंग पुसलं. पण ते हटेना. मग आबा आठवले. कारण उतारवयात आबांची नजर गेली, त्याची सुरुवात याच चौकोनातून झाली होती. ‘काचेत धुकं उतरलं रे,’ असं ते एकदा सहज बोलून गेले. पुढे ते धुकं अंगणात आलं, ओसरीवर आलं, आणि अखेर माणसांच्या चेहऱ्यांवर जाऊन बसलं. शेवटी शेवटी ते मला पावलांच्या आवाजावरून ओळखत. दुखणं घराण्यात चालत आलेलं आहे, असं डॉक्टर म्हणाले होते. वारशात कॅमेरा आला, तसं हेही आलं असणार, असं मी मनाशी धरून बसलो.

भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात ते खोटं नाही. समोरच्या दुकानाची पाटी मला स्वच्छ वाचता येत होती, तरी ती कालच्यापेक्षा पुसट आहे अशी शंका येई. काचेवर विसंबून न राहता, भिंगाभोवतीच्या अंतराच्या खुणांवर भिंग फिरवून काढलेले फोटो चांगले स्पष्ट येत. त्याचं श्रेय मी हाताच्या सवयीला देई. डॉक्टरकडे मात्र गेलो नाही. न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर निदान वाईट तरी नसतं, ही माझी शहाणपणाची कल्पना! माणूस अंधाराला भितो की अंधाराच्या बातमीला?

पण पत्नीच्या भाचीचं लग्न नरडाण्याला ठरलं आणि माझं लपवणं संपलं. ‘फोटोला दुसरा कुणी पाहा,’ असं मी म्हणताच ती फणकारली. तिचं माहेर शिरपूरकडचं. राग आला की बोली माहेरची होई. ‘मन्ही भाचीना लगीनले दुसरा कोन?’ तिनं विचारलं, आणि माझा बांध फुटला. आबांचं धुकं, माझं धुकं, सगळं सांगून टाकलं.

तिनं सगळं ऐकून घेतलं. मग पदराला हात पुसले आणि कॅमेरा उचलला. आमच्या घरात त्याला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही, हा आबांपासूनचा दंडक. खंडेनवमीला कुंकू वाहायचं तेही लांबूनच. तिनं पहिल्यांदाच टोपणात डोकावून पाहिलं.

‘माले बी धुकंच दिखस,’ ती म्हणाली. ‘मंग काय, मन्हा बी डोया ग्यात का?’

अहाहा! एवढं मधुर वाक्य मी आयुष्यात ऐकलं नाही. लगेच टोपणाचे स्क्रू काढले. दुधी काच उचलली. तिची आतली बाजू आणि खालचा आरसा, दोन्हींवर ओलसर बुरशीची साय धरली होती. कारण तेव्हाच ध्यानात आलं. आपल्याकडचा उन्हाळा असा, की कॅमेरा तापू नये म्हणून मीच तो वैशाखभर वाळ्याच्या कूलरसमोरच्या कोनाड्यात ठेवला होता. ‘माणसं घामानं निथळताहेत आणि कॅमेऱ्याला कूलर!’ असं तिनं तेव्हा चिडवलंही होतं. तिनं वातींचा मऊ कापूस आणून दिला. या आरशाचा मुलामा वरच्या अंगाला असतो, जरा जोर पडला की निघून येतो. म्हणून श्वासाची वाफ देत अगदी हलक्या हातानं पुसत गेलो. तरी एका कोपऱ्यात मुलाम्याचा टवका उडालाच. तो काळा ठिपका अजून आहे, आणि मला तो तिटेसारखा प्रिय आहे.

नरडाण्याच्या मांडवात मी मान खाली घातली, तेव्हा काचेवर नवरीच्या नथीतला मोती न् मोती उमटला होता. तिच्यामागे अक्षता घेऊन उभी असलेली माझी पत्नी मात्र नवरीकडे पाहत नव्हती. ती काळजीनं माझ्याकडे पाहत होती. मी मान डोलावली, तशी ती हसली.

आता केस पिकले आहेत, आणि नजरही वयाप्रमाणे खरोखरच मंदावते आहे. कॅमेरा क्वचित काढतो. उलटं जग अजूनही काचेवर तसंच अलगद उतरतं. पण कुठेही जरा धूसर वाटलं, काचेत असो की मनात, की मी एकटा डोळे चोळत बसत नाही. स्वयंपाकघराकडे तोंड करून हाक मारतो : ‘जरा ये गं, तुलाही असंच दिसतं का?’