अळीले शिक्का दिसते काय?

सरकारी कचेरीत दोन गोष्टी साठत जातात, धूळ आणि किस्से. धूळ झाडायला शिपाई असतो. किस्से झाडायला मात्र बाबूला रिटायर व्हावं लागतं. आमचं तालुका कृषी कार्यालय गडचांदूरच्या बाजूचं, त्यामुळे सिमेंट कारखान्यांची धरून धूळ दुप्पट. किस्सेही त्याच मापात. हे बीटी कपाशीच्या एकाच हंगामातले.

*

नव्या बियाण्याची सभा साहेबांनी घेतली. साहेब पुण्याकडचे, तळमळीचे. मातीतल्या एका जिवाणूचा गुण कपाशीत कसा घातला आणि ती खाल्ली की बोंडअळी कशी मरते, हे सगळं त्यांनी फळ्यावर काढून दाखवलं. शेवटी बजावलं, की मान्यता नसलेलं चोरटं बियाणं पेरू नका, सापडलं तर पीक नष्ट करावं लागेल.

पुढेच पार्वताबाई बसल्या होत्या. तीन एकर कपाशी एकटीच्या हिमतीवर करणारी बाई.

"साहेब, चोरट्या कपाशीनं अळी मरते का नाई?"

"मरते."

"अन् मान्यतेच्या?"

"तिनंही मरते. पण तिच्या पाकिटावर शिक्का असतो."

"अळीले शिक्का दिसते काय?"

साहेबांनी पाणी मागवलं. जावयानं आणून दिलेलं बिनशिक्क्याचं बियाणं बाईंनी तीनही एकरांत आधीच पेरलं होतं, हे आम्हाला पुढे कळलं.

*

कपाशी गुडघ्याला लागली आणि तालुक्यात दोन पक्ष पडले. गुलाबभाऊंचा पक्ष म्हणे, काय पेरायचं ते शेतकरी ठरवेल, सरकार कोण? वामनभाऊंचा पक्ष म्हणे, हा विदेशी कंपन्यांचा डाव आहे, उपटून फेका. दोघांनीही एकाच दिवशी आमच्यावर मोर्चा ठेवला.

अडचण अशी, की लाउडस्पीकर एकच होता. मग समजुतीनं ठरलं. जेवणाआधी बियाण्याचा जयजयकार, जेवणानंतर धिक्कार. गावाकडची एसटी संध्याकाळशिवाय नव्हती, त्यामुळे सकाळची माणसं दुपारीही तिथेच होती. घोषणा तेवढ्या बदलल्या, आवाज तोच.

साहेबांनी दोन्ही निवेदनं घेतली आणि दोघांनाही सांगितलं, "आपल्या भावना वर कळवतो."

दोन्ही पक्षांनी गुलाल उधळला.

*

वामनभाऊ तत्त्वाचे माणूस. पार्वताबाईंच्या कपाशीची तक्रार त्यांनीच केली. पार्वताबाई त्यांची सख्खी थोरली बहीण. आई गेल्यावर तिनंच त्यांना वाढवलेलं. पण तत्त्व ते तत्त्व.

नमुना आणायला मारोती शिपाई गेला. पिशवीभर पानं तोडून आणली, सायकल कचेरीबाहेर लावली आणि तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटायला टपरीवर गेला. परत येईस्तोवर त्याच्याच बकरीनं पिशवी रिकामी केली होती.

बकरीला काहीही झालं नाही. त्या वर्षी आमच्या तालुक्यात झालेला हा एकमेव वैज्ञानिक प्रयोग.

गुलाबभाऊंनी लगेच भाषणात घेतलं, "बकरी ठणठणीत आहे." वामनभाऊ म्हणाले, "आज आहे. पुढच्या वर्षी पाहा."

पुढच्या वर्षी पोळ्याच्या करीला मारोतीनं ती कापली. रश्श्याला दोन्ही नेते हजर होते.

*

दसरा झाला, बोंडं फुटली. नमुना पुन्हा मागवायचा की नाही, यावर वरचं उत्तर येईना. तेव्हा वामनभाऊंनी जाहीर केलं, की सरकार जाळत नसेल तर पार्वताबाईंच्या बीटीची होळी उद्या आम्हीच करू. गुलाबभाऊंनी जाहीर केलं, की आम्ही शेतात आडवे पडू.

त्याच दुपारी दोघं कचेरीसमोरच्या कँटीनमध्ये एका बाकावर चहा पीत होते.

"कितीले येऊन राह्यला उद्या?" गुलाबभाऊंनी विचारलं.

"अकराले."

"मले बाराशिवाय जमत नाई, गा. पेटवाले थोडा थांबजो."

वामनभाऊंनी मान डोलावली. दोघांचं शाळेपासूनचं होतं.

मला मात्र चहा गोड लागेना. बाईंचं अख्खं वर्ष त्या पांढऱ्या झालेल्या तीन एकरांत उभं होतं. थोड्या वेळानं त्या स्वतःच कचेरीत आल्या. मला वाटलं, रडतील, साहेबांचे पाय धरतील. त्यांनी एवढंच विचारलं, "बाबूजी, उद्या मानसं किती येतीन?"

"दोन्हीकडची मिळून पुष्कळ. काऊन?"

"भात टाकाचा हाये," म्हणाल्या आणि गेल्या.

*

दुसऱ्या दिवशी साहेब पोलिसांच्या जीपची वाट बघत थांबले आणि मला पुढे पाठवलं. मी पोचलो तेव्हा वामनभाऊ पेटता टेंभा घेऊन बांधावर उभे होते, मागे त्यांची माणसं. आणि शेतात पार्वताबाई सीतादही मांडून बसल्या होत्या. कपाशीच्या पहिल्या वेच्याआधीची आमच्याकडची ही पूजा. झाडांना दहीभात दाखवायचा, मग आलेल्या प्रत्येकाच्या हातावर घालायचा. तो घेतल्याशिवाय शेतातून कोणी जात नाही, आणि तो घेतला की वेचा सुरू.

बाईंनी वर पाहिलंसुद्धा नाही. "वामन्या, तो टेंभा खाली ठेव. हात धू. पयलं बोंड तुले वेचा लागते."

त्यांच्या घरी पहिलं बोंड माहेरच्या हातानं वेचायची रीत. वामनभाऊ लहानपणापासून दरवर्षी वेचत आलेले.

"बाई, आज आंदोलन हाये," ते म्हणाले.

"मंग जेवून कर."

टेंभा बांधावर आडवा झाला. बाराच्या सुमारास गुलाबभाऊ माणसं घेऊन आडवे पडायला आले. त्यांच्याही हातावर दहीभात पडला.

साहेबांची जीप आली तेव्हा ऊन कललं होतं. टेंभा कधीचाच विझला होता. बैलबंडीत कापसाचा ढीग उभा होता. कमरेला धोतराची ओटी बांधून दोन्ही पक्ष ओळीओळीनं वेचत होते, आणि मागे पडलेल्या पक्षाला पुढचा पक्ष हसत होता.

"काय परिस्थिती आहे?" साहेबांनी विचारलं.

वामनभाऊ वाकलेले सरळ झाले. मिशीला कापूस लागलेला. "आंदोलन सुरू आहे, साहेब."

पार्वताबाईंनी साहेबांच्या हातावर दहीभात ठेवला.

"शिक्का आनला असन तं तिथं बांधावर ठेवा, साहेब. ते काठची ओळ तुमच्यासाठी ठेवली हाये."