घडाखालचा खांदा

शहाद्याकडच्या केळीच्या बागांत छगनसारखा घड कापणारा नाही, हे मी आजही मानतो. पण त्याचं नाव काढलं की माझं डोकं फिरतं. आमच्या टोळीत तो कापायचा आणि भरत घडाखाली खांदा लावून उभा राहायचा. अकरा वर्षं कोयता भरतच्या कानाजवळून गेला, कधी ओरखडा नाही.

यंदा तालुक्याच्या फुटबॉल लीगने नियम बदलला. आधी तिसरा नंबर थेट वरच्या गटात जायचा. आता तिसरा ते सहावा, चौघांत सामने होऊन एकच वर जाणार. छगनच्या गावाची टीम तिसरी, भरतच्या गावाची सहावी.

"सहावाले कसाना हक्क शे?" कोयता उगारून छगन ओरडला.

"छगनभाऊ, तुन्ही टीममा दम शे ना, मंग घाबरस कसाले?" घडाखालून भरत हसला.

छगनने त्याच रागात घाव घातला. भरतचा अर्धा कान चिखलात पडला. मी कोयता हिसकावला आणि दांड्याने छगनचे दोन दात पाडले.

पुढे छगनची टीम सगळे सामने जिंकून वर गेली. दुसऱ्या दिवशी तो घडाजवळ कोयता घेऊन उभा राहिला आणि त्याने हाक मारली. बागेत आम्ही नऊ जण होतो. खांदा लावायला एकही गेला नाही.