आडव्या माणसाची गाडी

माझ्या थोरल्या बहिणीचा सत्कार आजवर कोणी केलेला नाही, आणि उद्या कोणी करायचे ठरवलेच तर ती दुकान बंद करून जाईल, असेही मला वाटत नाही. मदत पथकाची स्मरणिका निघाली. तिच्यात झाडून साऱ्या चालकांची छायाचित्रे आली. ज्यांनी वर्षभरात एकदाही गाडी चिखलात घातली नाही त्यांचीही आली. हिचे आले नाही. म्हणून हा मजकूर.

ताईचा धंदा गाद्या शिवण्याचा. सोफे, दवाखान्यातली बाके, मोटारींच्या सीट. माणूस ज्यावर बसतो ते सारे तिच्या मशीनखालून जाते. काम करताना बारीक खिळे ओठांत धरायची तिला सवय आहे, त्यामुळे तिचे बोलणे तुटक आणि टोकदार होते, असे लोक समजतात. भावोजींचे म्हणणे, खिळे काढले तरी फरक पडत नाही.

आमच्या गावाच्या वर, डोंगराच्या खांद्यावर, एक वस्ती आहे. रुग्णालय खाली, पुलापलीकडे. मधला रस्ता वळणांचा आणि कच्च्या मातीचा. दरड सैल झाली की पुलाशेजारचे फाटक बंद होते, आणि त्याच्या पुढे रुग्णवाहिकेने जायचे नाही असा हुकूम आहे. कारण रुग्णवाहिकेच्या दोनच चाकांना इंजिनाची ताकद मिळते आणि चिखलात ती जागच्या जागी फिरत राहतात. ज्या डोक्यांनी त्या रस्त्यासाठी तसली वाहने खरेदी केली त्यांना कोणी प्रश्न विचारला नाही. त्याऐवजी नागरिकांना आवाहन करण्यात आले. ज्यांच्याकडे चारही चाकांनी ओढणाऱ्या गाड्या होत्या त्यांचे पथक झाले, पथकावर समिती बसली, आणि समितीने उंटावरून शेळ्या हाकायला सुरुवात केली. पथकाच्या गाडीला नारिंगी पाटी मिळते. पाटी असेल तरच फाटक उघडते. पाटी दर हंगामाआधी नव्याने घ्यावी लागते, तपासणी होऊन.

ताईकडे तशी जुनी गाडी होती, फोम आणि प्लायचे ताव वाहून नेण्यासाठी घेतलेली. ती पथकात गेली आणि पहिल्या हंगामात तिने बरीच माणसे खाली आणली. शेवटची होती वस्तीतल्या पाळणाघराची मदतनीस. खुब्याचे हाड मोडलेले. गाडीत बसवण्याखेरीज इलाज नव्हता, म्हणून तिला पुढच्या सीटवर बसवले. प्रत्येक वळणावर ती बाई मान फिरवून सीटची उशी दातांत धरत होती, ओरडली मात्र एकदाही नाही. दुसऱ्या दिवशी ताईने मला ती उशी दाखवली. रेक्झिनमधून दात थेट फोमपर्यंत गेले होते.

“ही सीट मीच शिवली,” ती म्हणाली. “बसायला उत्तम आहे. पण मोडलेला माणूस बसत नाही.”

त्यानंतर तिने सुट्टीच्या दिवसांत गाडी दुकानासमोर घेऊन पाना हातात धरला. चालकाशेजारची सीट तळातून सोडवून बाहेर काढली. मागच्या बाकाचाही त्याच बाजूचा अर्धा भाग काढला. डॅशबोर्डपासून मागच्या दारापर्यंत सलग जागा झाली. तीत प्लायचा पाट बसवला, त्यावर कडक फोम, त्याच्यावर मऊ फोम, वर धुता येईल असे जाड रेक्झिन. डोके मागे, पाय पुढे. उतारावरून येताना पाय खाली राहतात आणि डोके वर. चालकाच्या मागची सीट तेवढी ठेवली, डोक्याशी बसून माणसाला धरणाऱ्यासाठी. सीट नाहीशी झाल्याने गाडीतले यंत्र सारखे टुणटुण वाजू लागले. पट्टा लावा म्हणत होते. भावोजी म्हणाले, घरात एक आहे तेवढे पुरे. ताईने आधी ते गप्प केले, मग भावोजींकडे पाहिले.

टायरांच्या बाबतीत तिने कोणाचे ऐकले नाही. पुढचे दोनच झिजले होते, पण अशा गाडीत चारही टायर सारखे लागतात. दोन नवे आणि दोन जुने घातले की चाके एकमेकांशी भांडतात आणि आतला गिअर तापून जळतो. तिने चारही बदलले, पाचवा जादाचाही त्यांच्याच जोडीचा घेतला. पोटाखाली दगड लागू नये म्हणून पत्रा ठोकून घेतला. ओढायचा हूक थेट चासीला जोडून घेतला, बंपरला नव्हे.

आता पेटीविषयी सांगितले पाहिजे, कारण सगळे रामायण तिचेच आहे. कुणा दानशूर गृहस्थाने पथकातल्या प्रत्येक गाडीला लोखंडी पेटी दिली आहे. दोरखंड, फावडे, जॅक, अग्निशामक नळकांडे, प्रथमोपचाराचे सामान, ब्लँकेट, सारे तीत राहते. झाकणावर दात्याचे नाव दुरून वाचता येईल एवढ्या अक्षरांत. ती डिकीत नटबोल्टने जखडायची असा नियम आहे. तपासणीच्या दिवशी अग्निशमन केंद्राच्या पटांगणात गाड्या रांगेने उभ्या राहतात, डिक्या एकदम उघडतात, पेट्या ओळीत दिसतात आणि छायाचित्र निघते. पेटी जागेवर असली की मागचे बाक पाडता येत नाही, आणि बाक पाडले नाही तर कोणी आडवे होऊ शकत नाही. एवढ्या गाड्या, एवढे अनुभवी चालक, आणि कोणाच्याही गाडीत जखमी माणूस झोपवता येत नव्हता. नाकापेक्षा मोती जड म्हणतात तो हाच. सामान नेण्याची तयारी इतकी चोख झाली होती की माणूस राहून गेला होता.

ताईने पेटी काढली. आतली वस्तू मात्र एकही कमी केली नाही. दारांच्या आतल्या बाजूंना आणि पाटाखाली तिने कॅनव्हासचे खिसे शिवले. ज्या वस्तूचा जो आकार, तसा खिसा. वस्तू काढली की रिकाम्या खिशाकडे पाहूनच कळावे, काय बाहेर आहे.

तपासणीला पथकाचे प्रमुख होते. त्यांना सगळे कप्तान म्हणतात. पूर्वी ते विमा कंपनीसाठी अपघातग्रस्त वाहनांची पाहणी करत. माणूस आळशी नाही, हे मी माझ्या मनाविरुद्ध लिहितो. त्यांनी गाडीभोवती फेरी मारली, वाकून पत्रा पाहिला, हूक हलवून पाहिला. मग पाटावर हात ठेवून विचारले की ब्रेक दाबल्यावर यावरचा माणूस कुठे जाणार. मांडीचे हाड मोडलेला माणूस घसरत पुढे जाईल आणि तेच पाय डॅशबोर्डवर आपटतील, असे ते म्हणाले, आणि मग पेटी कुठे आहे ते विचारले.

“पहिलं बरोबर बोललात,” ताई म्हणाली. “ते दुरुस्त करते. दुसरं चूक आहे.”

ते म्हणाले, नियम आहे. ती म्हणाली, सामान मोजून घ्या. ते म्हणाले, प्रश्न सामानाचा नाही. तेव्हा रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली, “तुमच्या गाड्यांत पेटी पहिल्या वर्गाने प्रवास करते, कप्तान. माणसाने टपावर बसायचं का?” काही जण हसले, आणि हसताना दिसू नये म्हणून आपापल्या डिकीत वाकले.

पुढचे कित्येक दिवस ती पट्ट्यांच्या मागे होती. सीट जिथे जखडलेली होती, त्या तळाच्या मूळ भोकांतच तिने नव्या कड्या बसवल्या. दोन्ही खांद्यांवरून येऊन छातीवर मिळणारे पट्टे, कमरेला एक, मांड्यांवर एक सैल. म्हणजे झटका बसला तर भार खांद्यांनी घ्यायचा, पायांनी नाही. टाके मशीनवर घातले आणि पुन्हा हाताने मेणाच्या दोऱ्याने. मग भावोजींना पाटावर बांधले आणि गिरणीच्या मोकळ्या मैदानात गाडी वेगाने नेऊन कचकन ब्रेक दाबला. मी मागच्या सीटवर होतो, भावोजींचे डोके धरायला. ते बोटभरही सरकले नाहीत.

“संसारात पहिल्यांदा हिच्या शेजारी निवांत पडलो,” छताकडे पाहत ते म्हणाले, “तेही बांधून.”

“अजून एकदा,” ताई म्हणाली, आणि गाडी वळवली.

फेरतपासणीत कप्तानांनी स्वतः पट्टे ओढून पाहिले आणि पट्ट्यांत काही खोट काढली नाही. पेटीसाठी मात्र समितीची बैठक बसली. समितीत एक औषधविक्रेते, एक निवृत्त मुख्याध्यापक आणि दात्याचे पुतणे आहेत. निर्णय असा झाला की गाडीला पाटी देता येत नाही. मात्र ताईंच्या अनुभवाचा आदर करून त्यांना केंद्रावर फोन घेण्याचे काम द्यावे. अपमान करताना आदर हा शब्द वापरण्याची पद्धत कुठल्या शाळेत शिकवतात, मला ठाऊक नाही. मुख्याध्यापकांना ठाऊक असावे. मी समितीला सविस्तर निवेदन दिले, मग वरच्या कार्यालयाला, मग त्याच्याही वरच्या. उत्तर कुठूनही आले नाही. ताईने निवेदन वाचलेसुद्धा नाही. फोनच्या खुर्चीविषयी तिने निरोप पाठवला की खुर्चीची गादी फाटली असेल तर दुकानात पाठवा, शिवून देते.

हंगाम सुरू झाला. दरड सुटल्याची वर्दी आली की ताई शटर ओढायची, गाडी काढायची आणि फाटकाच्या अलीकडे, वाटेत न येता, तोंड डोंगराकडे करून उभी राहायची. तिथे उभे राहायला पाटी लागत नाही. पाटीवाल्या गाड्या तिच्या समोरून वर जायच्या. कोणी हात करायचे, कोणी काच वर करायचे. ती गाडीतच बसून उशांच्या खोळी हाताने शिवायची. लोक तिला हसू लागले, हे मी सांगायला हवे. एका गृहस्थांनी तिला विचारले, कोणाची वाट पाहता? ती म्हणाली, “लाज वाटणाऱ्याची.”

मग एके दुपारी वस्तीत एक माणूस छपराची कौले सारखी करताना खाली पडला. मांडीचे हाड मोडले. कप्तान स्वतः गेले. तिथल्या परिचारिकेने पायाला फळ्या बांधून तो सरळ केला, आणि सरळ झालेला पाय गाडीत मावेना. दार उघडे ठेवून पाहिले, तिरका ठेवून पाहिला. पेटीचे नट गंजले होते, ते फिरेनात. माणूस पांढरा पडत चालला होता. पुढचे फोनवरचे बोलणे मी फाटकाशी ताईच्या शेजारी उभा राहून ऐकले.

“ताई, कुठे आहात?”

“फाटकाशी. रोज कुठे असते?”

“वर या.”

“हे फाटकवाल्याला सांगा. मला सांगून काय उपयोग?”

तिने फोन फाटकवाल्याच्या हातात दिला. त्याने ऐकले, दोनदा हो साहेब म्हटले आणि फाटक उघडले. मी मागे बसलो.

चिखल चाकांच्या अर्ध्यापर्यंत होता. तिने टायरांतली हवा आधीच थोडी कमी केली होती, म्हणजे ते पसरून मातीला धरतात. गिअर न बदलता, थांबा न घेता ती एका चालीने वर गेली. वस्तीत चौघांनी त्या माणसाला उचलून पाटावर ठेवले. पट्टे तिने स्वतः लावले, छातीचा लावताना त्याला म्हणाली की आता तुझं ओझं गाडीकडे, तू फक्त शिव्या दे. उतरताना मी वस्तीतच राहिलो, कारण डोक्याशी कप्तान बसले. पहिल्या मोठ्या वळणावर काय झाले ते मला त्या जखमी माणसाने नंतर रुग्णालयात सांगितले. कप्तान म्हणाले, जरा हळू. ताई म्हणाली, “गाडी मी चालवते आहे. तुम्ही डोकं धरा.” आणि त्यांनी धरले, रुग्णालयाच्या दारापर्यंत. पाय वाचला. तो माणूस आज कुबडीवर चालतो आणि छपरावर चढायची भाषा करतो.

आठवड्याच्या आत कप्तान दुकानात आले. मी तिथेच होतो. त्यांनी पिशवीतून नारिंगी पाटी काढून कापायच्या टेबलावर ठेवली. समिती राजी होती, गाडी आहे तशी चालणार होती. फक्त एक अट. वर्षातून एक दिवस, छायाचित्रापुरती, पेटी डिकीत ठेवायची. पाट तेवढा वेळ काढून घ्यायचा. दात्याचे मन राहील. कप्तान हे सांगताना तिच्याकडे पाहत नव्हते. माणसाला आपल्या तोंडचे वाक्य आवडत नसले की तो असाच टेबलाकडे पाहतो.

ताईने ओठांतले खिळे तळहातावर काढून ठेवले.

“त्या दिवशी कोणाचं हाड मोडणार नाही, असं लिहून द्या,” ती म्हणाली. “मग ठेवते पेटी.”

कप्तान म्हणाले, ताई, एका दिवसाने काय होतं. ती म्हणाली, छपरावरून पडायला किती दिवस लागतात? भावोजींनी चहा विचारला, तो त्यांनी नको म्हटला. मग त्यांनी पाटी उचलून पिशवीत घातली आणि निघून गेले. ताईने खिळे परत तोंडात घेतले.

तेव्हापासून आजतागायत त्या गाडीला पाटी नाही. पण दरड सुटली की कप्तान आधी फाटकावर फोन करतात, ती गाडी आली की सोडा म्हणून, आणि ताई गेली की फाटक उघडते. समितीला हे माहीत आहे आणि समिती ते माहीत नसल्यासारखे वागते. मला हे मान्य नाही. जे हक्काने मिळायला हवे ते कोणाच्या तरी एका फोनवर मिळते आहे. उद्या कप्तान बदलले तर काय, असा लेखी प्रश्न मी पुन्हा विचारला आहे. परवा ती बोनेटखाली वाकून तेल पाहत होती तेव्हा तिलाही विचारला, की ही मेहेरबानी तू चालवून कशी घेतेस.

“मेहेरबानी कोणी घेतली?” तेलाची पट्टी पुसत ती म्हणाली. “त्यांना फाटक उघडावं लागतं. मी जाते. कप्तान बदलले तर नव्यालाही उघडावं लागेल, नाहीतर मी तिथेच उभी आहे. सरक जरा, उजेड अडवू नकोस.”